पॅच मशीन टाका सोडतंय? टायमिंगच्या स्क्रूला हात लावण्याआधी हे तपासा

सिंगर २९के, म्हणजे चांभारकामाचं ते लांब हाताचं पॅच मशीन. त्याबद्दल सगळ्यात जास्त येणारी तक्रार ठरलेली असते. कापडावर नीट चालतं, जीन्सवरही चालतं, पण चामडं खाली घेतलं की दोन-तीन टाके पडतात आणि पुढचा सुटतो. मिस्त्री येतो, टायमिंग बसवतो, म्हणजे सुई आणि शटलची वेळ जुळवतो, पैसे घेऊन जातो. काही दिवस बरे जातात आणि पुन्हा तीच रड सुरू होते.

ही तक्रार परत परत का येते, हे आधी सांगतो. बहुतेक वेळा टायमिंग बिघडलेलंच नसतं. या मशीनमध्ये खालचा दोरा धरणारं शटल फिरवायला मशीनच्या लांब हाताच्या आतून एक दातेरी पट्टी जाते, तिला रॅक म्हणतात. ती पुढे-मागे सरकते आणि टोकाजवळच्या पिनियनमधून, म्हणजे लहान दातेरी चाकातून, शटलला झोका देते. दातात दात अडकलेले असल्यामुळे कोणी उघडून चुकीचे बसवल्याशिवाय ते आपोआप सरकत नाहीत. मग शटल उशिरा का पोचतं? दात झिजून मधे जागा झाली म्हणून. मिस्त्री ती झीज न बघता नीडल बार, म्हणजे सुई धरणारा दांडा, थोडा खाली घेतो. उशिरा येणाऱ्या शटलला सुई तात्पुरती सापडते, टाका पडायला लागतो. पण झीज जागच्या जागी असते आणि ती वाढतच जाते. शिवाय आता बारही चुकीच्या उंचीवर गेलेला असतो. दोन-तीन वेळा असं झालेलं मशीन हातात आलं की खरी जागा शोधायला दुप्पट वेळ लागतो.

म्हणून पुढचा क्रम पाळा. सोप्या आणि फुकटच्या गोष्टी आधी, पिनियन नंतर, नीडल बार अगदी शेवटी.

चामड्यावरच का सुटतो

टाका कसा पडतो ते डोळ्यासमोर आणा. सुई तळाला जाते आणि वर यायला लागते. साधारण दोन मिलिमीटर वर आली की दोरा चामड्याच्या घर्षणामुळे मागे राहतो आणि सुईच्या खोलगट बाजूला त्याचा लहानसा फास फुगतो. नेमक्या त्या क्षणी शटलची चोच, म्हणजे त्याचं टोक, सुईला जवळजवळ घासून जाते आणि फासात शिरते. फास नसेल, लहान असेल किंवा कलंडलेला असेल तर चोच रिकामी जाते आणि टाका सुटतो.

कापड सुईला धरून ठेवत नाही. चामडं धरतं. सुई वर निघाली की तेही तिच्याबरोबर वर उचललं जातं, दोरा मागे राहतच नाही आणि फास फुगत नाही. तेल मुरवलेलं मऊ चामडं, फोम लावलेलं अस्तर, ताज्या सोल्यूशनने चिकटवलेले थर, यांत हे सगळ्यात जास्त होतं.

याची परीक्षा अगदी सोपी आहे. ज्या तुकड्यावर टाका सुटतो तोच मशीनखाली घ्या. हातचाक हळूहळू फिरवा आणि डोळे सुईवर नाही, सुईच्या भोवतीच्या चामड्यावर ठेवा. सुई वर यायला लागताच चामडं टेकडीसारखं फुगतंय का? आता स्क्रू ड्रायव्हरच्या लाकडी मुठीने सुईच्या अगदी शेजारी चामडं दाबून धरा आणि पुन्हा चाक फिरवा. बोट तिथे नेऊ नका. दाबल्यावर टाका पडला आणि सोडल्यावर सुटला, तर तुमच्या शटलमध्ये काहीही बिघाड नाही. प्रश्न चामडं दाबणाऱ्या फुटाचा दाब, सुई किंवा सुई जिथून खाली जाते ते प्लेटचं भोक यांचा आहे.

फुटाचा दाब वरच्या स्क्रूने थोडा थोडा वाढवत जा. जास्त वाढवलात तर फुटाच्या दातांचे ठसे चामड्यावर उमटतील, कारण २९केमध्ये चामडं खालून सरकवणारे दाते नसतात, फूटच चामडं ओढतो. नाजूक कामाला, पाकिटाला किंवा लेडीज पर्सला, फुटाच्या तळाला पातळ चामड्याचा तुकडा चिकटवून दाब वाढवता येतो. ठसे कमी पडतात, पकड मात्र थोडी कमी होते. दोन्ही सांभाळून जमवावं लागतं.

प्लेटचं भोक जुन्या मशीनमध्ये सुया आपटून आपटून मोठं आणि लांबट झालेलं असतं. सुईबरोबर चामडं त्या भोकात खाली दबतं आणि वर येताना उचललं जातं. कडा खरखरीत झाल्या असतील तर बारीक पॉलिश पेपर गुंडाळून गुळगुळीत करा. भोक फारच मोठं झालं असेल तर प्लेटच बदला. या एका बदलाने सुटणारे टाके बंद झालेली मशीनं मी पाहिली आहेत.

सुई आणि दोरा

सुई नवी घाला हे सगळे सांगतात. पण कोणती? सिंगरने २९ मालिकेसाठी दोन सुया दिल्या होत्या, २९×३ कापडासाठी आणि २९×४ चामड्यासाठी. दुकानात 'मोची मशीनची सुई द्या' म्हटलं की हाताला येईल ती सुई मिळते. वेगळ्या जातीची सुई बारमध्ये घुसतेसुद्धा, पण लांबी वेगळी असते, त्यामुळे डोळा चोचीसमोर येतच नाही. मग माणूस बार खालीवर करत बसतो आणि पुढे बरोबर सुई आणली की तीही चालत नाही. पाकिटावरचा आकडा वाचूनच सुई घ्या, आणि एक न वापरलेली सुई पाकिटासकट नमुना म्हणून जपून ठेवा.

सुई बसवताना ती वरपर्यंत टेकली पाहिजे. बारच्या भोकात घट्ट झालेलं जुनं तेल किंवा तुटक्या सुईचा तुकडा बसलेला असतो आणि सुई अर्धा-एक मिलिमीटर खालीच राहते. बारीक तारेने भोक साफ करून घ्या. सुईची लांब खाच ज्या बाजूने दोरा आत शिरतो त्या बाजूला आणि खोलगट भाग शटलच्या चोचीकडे हवा. सुई थोडी जरी पिळलेली बसली तरी फास तिरका फुगतो.

आता जाडी. आपल्या बाजारातला २१०/३ नायलॉन दोरा १८ नंबरच्या सुईला, २१०/४ हा २० नंबरला आणि २१०/६ हा २२ नंबरला जुळतो. दोऱ्याचा हातभर तुकडा सुईत ओवून तिरका ताणून धरा आणि सुई वरच्या टोकाला सोडा. ती आपल्या वजनाने हळूहळू घसरली पाहिजे. अडकली तर दोरा जाड आहे, धपकन खाली पडली तर सुई मोठी आहे. लहान शटलच्या २९केमध्ये मी २१०/४ च्या पुढे जात नाही. २१०/६ घालून शिवता येतं, पण टाका आत ओढून घट्ट बसवायची ताकद या मशीनमध्ये नाही आणि खालच्या दोऱ्याची इवलीशी बॉबिन बघता बघता संपते.

दोऱ्याचा पीळ कोणी तपासत नाही, म्हणून तो मुद्दाम सांगतो. मशीनच्या वरच्या दोऱ्याला डावा पीळ लागतो. दोरा डाव्या हातात धरा, उजव्या हाताच्या अंगठ्या-बोटात घेऊन आपल्याकडे लाटा. पीळ घट्ट झाला तर दोरा बरोबर आहे. उलगडायला लागला तर तो उजव्या पिळाचा आहे, सुईत शिरताना त्याचे पदर सुटतात आणि चोच पदरांच्या मधून जाते. हाताने शिवायचा मेण लावलेला दोरा मशीनला लावू नका. मेण दोरा ताणून धरणाऱ्या टेन्शनच्या चकत्यांत आणि नीडल बारमध्ये साचतं.

नीडल बारमध्ये म्हणण्याचं कारण असं की २९केमध्ये वरचा दोरा पोकळ बारच्या आतून खाली उतरतो. त्यासाठी टोकाला आकडा असलेली लांब तार लागते. जुन्या मशीनबरोबर ती तार क्वचितच मिळते, पण बारीक पियानो वायरची घरी करता येते. त्या पोकळीत वर्षानुवर्षांचा केर, मेण आणि वाळलेलं तेल असतं. तारेला रॉकेलमध्ये भिजवलेला सुती दोरा अडकवून दोन-चार वेळा आरपार ओढा. बाहेर काय काळं निघतं ते बघा. दोरा आत अडखळत असेल तर वरचं टेन्शन कितीही नीट लावलं तरी टाका एकसारखा येणार नाही.

सोल्यूशन लावून लगेच शिवायची सवय असेल तर ती सोडा. ओलं सोल्यूशन सुईवर चढतं, डोळा भरतो आणि दोरा सुईला चिकटून वर जातो. पूर्ण वाळू द्या. घाई असेल तर दर थोड्या वेळाने सुई पुसून तिच्यावर सिलिकॉनचा हलका हात फिरवा.

एकाच दिशेला सुटतो का?

२९केची खरी ताकद म्हणजे फूट पूर्ण गोल फिरतो आणि चामडं न फिरवता कुठल्याही दिशेला शिवता येतं. बुटाच्या आत, बॅगेच्या कोपऱ्यात, हात घालायला जागा नाही तिथे हे मशीन काम करतं ते याच्या जोरावर. निदानासाठीही हीच गोष्ट उपयोगी पडते.

चामड्याचा एक तुकडा घ्या. सरळ शिवा, मग फूट फिरवून उलट, मग दोन्ही बाजूंना आडवं. टाका चारही दिशांना सुटतो की एकाच? एकाच दिशेला सुटत असेल तर त्या दिशेला ओढलं जाताना सुई चोचीपासून दूर वाकते आहे. म्हणजे नीडल बार ढिला आहे, सुई कामाच्या मानाने बारीक आहे किंवा शिवणारा हाताने चामडं ओढतो आहे. बारचं खालचं टोक चिमटीत धरून हलवून बघा. हाताला स्पष्ट हालचाल जाणवली तर बुश, म्हणजे बार ज्यात सरकतो ती नळी, झिजलेला आहे. तो लेथवाल्याकडून करून घ्यावा लागतो. तोपर्यंत एक नंबर जाड सुई वापरून काम निभावतं.

हाताने ओढण्याची सवय कुठून लागते? टाका लहान पडायला लागतो तेव्हा. नव्या मशीनचा टाका पाच मिलिमीटरच्या आसपास पडायचा. फुटाला मागे-पुढे हलवणारी जी लिव्हर असते, तिला बेल क्रँक म्हणतात, तिची घासणारी जागा झिजली की तोच टाका तीनवर येतो. माणूस नकळत चामडं ओढून टाका लांबवतो, सुई वाकते आणि टाका सुटतो. शटलची तक्रार घेऊन आलेल्या मशीनचं मूळ असं कधी कधी डोक्यात, म्हणजे वरच्या बाजूला निघतं. झिजलेल्या जागी पितळेचं ब्रेझिंग करून, म्हणजे पितळ वितळवून भरून, कानशीने मूळ आकारात आणून हे दुरुस्त होतं. कानस चालवताना घाई करू नका. थोडं घासा, बसवून बघा, पुन्हा घासा. जास्त घासलं गेलं तर पुन्हा ब्रेझिंग करावं लागेल.

खरं दुखणं: पिनियन

इथपर्यंत सगळं ठीक असूनही टाका सुटत असेल तर आता हाताच्या टोकाकडे या. उघडायच्या आधी एक परीक्षा करा. सुई तळापासून थोडी वर आणा आणि हातचाक घट्ट धरून ठेवा. दुसऱ्या हाताने शटल धरणारा भाग हलकेच पुढे-मागे हलवा. थोडीशी हालचाल असतेच, जुन्या मशीनमध्ये ती धरूनच चालावं. पण चोच सुईच्या जाडीपेक्षा जास्त सरकत असेल तर गुन्हेगार सापडला. शटल झोक्याच्या एका टोकाला वेळेवर असतं आणि दुसऱ्या टोकाला उशिरा. हातचाक सावकाश फिरवलं तर टाका पडतो आणि पाय मारून वेगात चालवलं की सुटतो, हेही याचंच लक्षण.

प्लेट आणि शटल काढून टॉर्चच्या उजेडात पिनियन बघा. झिजलेला दात ओळखायला अनुभव लागत नाही. काही दात चाकूच्या पात्यासारखे टोकदार आणि चकचकीत झालेले असतात, त्यांच्या माथ्यावर सपाट जागाच उरलेली नसते. पण तोच पिनियन फिरवून मागची बाजू बघितली तर तिथले दात काळपट, चौकोनी माथ्याचे, जवळजवळ नवे असतात. कारण शटल पूर्ण फिरत नाही, झोका घेतं. तेच थोडे दात आयुष्यभर घासतात आणि बाकीचे कामालाच लागत नाहीत.

यातच स्वस्तातला उपाय आहे. पिनियनला पूर्ण गोल दात असतील आणि खिळीची जागा आड येत नसेल तर तो अर्धा फेरा फिरवून बसवा. न झिजलेले दात कामाला येतील आणि मशीनला बरीच वर्षं मिळतील. उघडण्यापूर्वी मोबाइलवर फोटो काढा आणि जिथे दातात दात अडकलेले आहेत तिथे दोन्हीकडे नेलपॉलिशचा ठिपका द्या. फिरवून बसवताना चोच सुईच्या मानाने पूर्वीच्याच जागी आली पाहिजे. एक दात इकडेतिकडे झाला तर फरक इतका मोठा पडतो की एकही टाका पडणार नाही, कदाचित चोच सुईवरही आपटेल. म्हणून पहिला फेरा हाताने आणि अगदी सावकाश द्या. कुठेही अडलं तर जोर न लावता थांबा.

यावरून आणखी एक गोष्ट कळते. एक दात म्हणजे मोठा फरक असेल तर 'टायमिंग थोडंसं हललंय' हे निदान दात चुकल्याचं असूच शकत नाही. थोडासा फरक दिसतो तो झिजेचा किंवा बारच्या उंचीचा.

रॅकचे दातही बघा. तेही मधल्या भागातच झिजतात. रॅक फार खाल्ला गेला असेल तर नव्या पिनियनने अर्धंच काम होईल.

पार्ट आणताना मॉडेल नीट सांगा. २९केच्या पुढचा आकडा हाताची लांबी आणि शटल लहान की मोठं हे ठरवतो आणि एकाचे पार्ट दुसऱ्याला बसतीलच असं नाही. 'के' हे अक्षर स्कॉटलंडमधल्या क्लाइडबँक इथल्या किलबोवी कारखान्याचं. तो १८८५ मध्ये सुरू झाला आणि १९८० मध्ये बंद पडला. म्हणजे आता अस्सल पार्ट हवा असेल तर तो भंगारात निघालेल्या मशीनमधूनच मिळणार, बाकी सगळा नकली माल. मी दोन्ही वापरतो. जुना अस्सल पिनियन ज्याची एक बाजू चांगली आहे, तो नव्या नकलीपेक्षा मला केव्हाही जास्त भरवशाचा वाटतो. नकली घेतलात तर बसवून पूर्ण झोका हाताने देऊन बघा. मध्येच घट्ट, मध्येच सैल लागत असेल तर परत करा. पुण्याच्या जुन्या बाजारात किंवा मुंबईत भंगारवाल्यांकडे गंजून बंद पडलेलं २९के स्वस्तात मिळालं तर केवळ पार्टसाठी घेऊन ठेवण्यासारखं असतं. मात्र तिथेही शटल आणि पिनियन जागेवर आहेत ना, हे आधी बघा. पहिल्यांदा तेच काढून विकलेले असतात.

शटलची चोच

चोच बोथट झाली, तिच्यावर गंजाचा खड्डा पडला किंवा सुई आपटून बारीक दाता, म्हणजे धातूचा कंगोरा, उठला तर फास असूनही ती त्यात शिरत नाही, किंवा शिरून दोरा तोडते. भिंगाखाली बघा. भिंग नसेल तर जुना नायलॉनचा पायमोजा चोचीवरून हलकेच ओढा. धागा अडकला तर दाता आहे. हजार नंबरच्या पुढचा पॉलिश पेपर पाण्यात किंवा तेलात बुडवून फक्त तो दाता घालवा. चोच आखूड होईल इतकं कधीच घासू नका, कारण आखूड चोच म्हणजे कायमचा उशीर.

पावसाळ्यात हा त्रास वाढतो. रस्त्याकडेच्या पत्र्याच्या स्टॉलमध्ये रात्रभर दमट हवेत मशीन उभं असतं. सकाळी शटलच्या वाटेवर तांबूस थर दिसतो, आणि चामड्याचा भुगा तेलात मिसळून तिथे लेप बसतो. राज्य सरकारच्या योजनेतून गटई कामगारांना, म्हणजे चांभारकाम करणाऱ्यांना, पत्र्याचे स्टॉल मिळतात, त्यामुळे ऊन-पावसापासून माणसाला आणि मशीनला आडोसा झाला. पण पत्र्याला आतून सुटणारा घाम मशीनवरच टपकतो. रात्री शटल काढून तेलाच्या फडक्यात गुंडाळून ठेवलं आणि हाताच्या टोकावर कापडी पिशवी घातली तरी खूप फरक पडतो. सकाळी शटलच्या वाटेत एक थेंब तेल, मग काम.

तेल शिलाई मशीनचं, पांढरंच. खोबरेल किंवा खाद्यतेल घातलेली मशीनं दर महिन्याला कुठून ना कुठून येतात. ते तेल काही आठवडे छान चालतं, मग डिंकासारखं घट्ट होतं आणि सगळी हालचाल जड करतं. असं जाम झालेलं मशीन मोकळं करायला रॉकेल उत्तम. प्रत्येक भोकात सोडा, रात्रभर ठेवा, हाताने फिरवून काळं पाणी बाहेर येऊ द्या, पुन्हा रॉकेल, आणि शेवटी भरपूर तेल. रॉकेल सुकून गेलं की धातू कोरडा पडतो, म्हणून तेलाचा टप्पा चुकवू नका. बाहेरून पुसायला स्पिरिट किंवा थिनर घेऊ नका. जुन्या सिंगरवर लाखेचं पॉलिश असतं, स्पिरिटने ते विरघळतं आणि त्याखालची सोनेरी नक्षी फडक्यावर येते. ती गेली की परत येत नाही. गंजलेला स्क्रू सुटत नसेल तर खाचेत घट्ट बसणारा स्क्रू ड्रायव्हर, भेदक तेल आणि हेअर ड्रायरची ऊब, एवढ्यावर धीर धरा. सिंगरचे आटे बाजारातल्या मेट्रिक आट्यांशी जुळत नाहीत. माथा तुटला आणि दुसरा स्क्रू जबरदस्तीने पिळला तर ते भोक वाया गेलं म्हणून समजा.

आता नीडल बार

पिनियन नीट, चोच नीट, सुई बरोबर जातीची आणि वरपर्यंत टेकलेली. मगच बारची उंची. प्लेट काढा, चाक फिरवून सुई तळाला न्या आणि दोन मिलिमीटर वर येऊ द्या. या जागी चोच सुईच्या बरोबर मध्यावर आणि डोळ्याच्या वरच्या कडेपासून साधारण दीड मिलिमीटर वर हवी. चोच वेळेवर येते पण डोळ्याच्या समोर किंवा फार वर जाते, तर बार हलवायचा. चोचच उशिरा येते, तर बारला हात लावू नका, पुन्हा पिनियनकडे जा. सुई आणि चोच यांत कागद जाईल एवढंच अंतर हवं. चोचीने सुईला ढकलता कामा नये.

बारचा स्क्रू सैल करण्याआधी बार जिथे बाहेर येतो तिथे टोकदार पेन्सिलने बारीक रेघ मारून ठेवा. अर्धा मिलिमीटर म्हणजे इथे पुष्कळ. पूर्वी कोणी बार खाली घेतला असेल तर पिनियन फिरवल्यावर तो वर न्यावाच लागेल. नाहीतर नवे दात बसवूनही टाका सुटेल आणि दोष पिनियनवर जाईल.

राहिलं टेन्शन. वरचं टेन्शन फार घट्ट असेल तर फास फुगण्याआधीच ओढला जातो. आधी सैल ठेवून टाका पडू द्या, मग गाठ चामड्याच्या मधोमध येईपर्यंत घट्ट करत जा. नायलॉन दोऱ्याने चकत्यांवर आणि वाटेतल्या कड्यांवर चरे पाडलेले असतात. बोटाने जाणवले तर पॉलिश करून घ्या. सुरुवातीचे एक-दोन टाकेच सुटत असतील तर काहीही उघडू नका, दोन्ही दोऱ्यांची टोकं पहिल्या टाक्यांपुरती हातात धरा. जोडावरच्या जाडीत सुटत असेल तर तिथे पाय मारू नका, हातचाकाने एकेक टाका घ्या, आणि पुढच्या वेळी जोडाची कड रापीने आधीच पातळ करा.

एका बाबतीत या मशीनकडून अपेक्षाच ठेवू नका. बूट-बॅगांची दुरुस्ती, अप्पर, पाकीट, पातळ पट्टे, हे त्याचं काम. कोल्हापुरीचा जाड तळ किंवा कमरेचा दुहेरी जाड पट्टा त्याच्यावर शिवायला घेतला तर सुई वाकेल, टाका सुटेल आणि पिनियनवर नको तेवढा ताण येईल. कोल्हापुरीचा तळ तर चामड्याच्या वादीने हातानेच शिवायची रीत आहे. ग्राहकाला तसं स्पष्ट सांगा आणि आरी हातात घ्या. तसलंच काम रोजचं असेल तर मोठ्या शटलचं, जाड दोऱ्याचं वेगळं मशीन घ्यावं.

सगळं जमल्यावर ग्राहकाचा माल लगेच खाली घेऊ नका. एक मऊ, एक कडक, एक दोन थर चिकटवलेला, असे तीन तुकडे घ्या. प्रत्येकावर चारही दिशांना शिवा, आधी हातचाकाने, मग पायाने. एखादा टाका सुटला तर कोणत्या तुकड्यावर, कोणत्या दिशेला, हळू चालवताना की वेगात, ते तिथेच पेनने लिहून ठेवा. मऊ तुकड्यावरच सुटला तर फुटाच्या दाबाकडे जा, एकाच दिशेला सुटला तर बारच्या ढिलेपणाकडे, फक्त वेगात सुटला तर पिनियनकडे. आणि मिस्त्रीला बोलावलंच तर तो तुकडा त्याच्या हातात द्या, आधी पिनियनचा ढिलेपणा बघायला सांगा, आणि बारच्या स्क्रूला हात लावण्यापूर्वी पेन्सिलची रेघ मारून घ्या.